केशोरावनं नंबर बंद केला

केशोराव पटले दवनीवाड्याचा. आसपासच्या तीसेक गावांतले हातपंप तो दुरुस्त करायचा. चौतीस वर्षं हेच काम. कोणत्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, पाणी किती फुटांवर लागतं, कोणत्या बोअरिंगचा वायसर वर्षभरही टिकत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. ग्रामपंचायतीच्या कागदावर त्याला ठेकेदार लिहीत. त्या ठेकेदाराकडे माणूस मात्र एकच, बकाराम. लोखंडी पाईप वर काढायचं काम एकट्याचं नाही. एकानं पान्यानं पाईप आवळून धरायचा, दुसऱ्यानं वरचा तुकडा सोडवायचा. चौतीस वर्षं दोघं समोरासमोर उभे राहून हेच करत आले होते. बोलायची फारशी गरजच पडत नसे.

आधी सरपंचाच्या चिठ्ठीवर काम भागायचं. मग चेक आला. मग ग्रामसेवक म्हणू लागला, जीएसटी नंबर असलेलं बिल पाहिजे. दोन-तीन वर्षं गोंदियातल्या एका दुकानाचं बिल जोडलं. हात काळे व्हायचे केशोरावचे, कागदावर नाव दुकानाचं. तेही चालेनासं झालं, तेव्हा त्यानं स्वतःचा नंबर काढला. कागदपत्रं करणारा गोंदियाचा भुपेंद्र तेव्हाच म्हणाला होता, "काका, दर महिन्याले रिटर्न टाकावं लागेल. काम नसलं तरी."

केशोरावनं मान हलवली. काम नसलं तर टाकायचं तरी काय, हे त्याला विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

दीड वर्ष नीट गेलं. मग निर्मलाबाईच्या पोटात गाठ निघाली. केशोराव बायकोला घेऊन नागपूरला गेला तो मधूनमधून घरी आला एवढंच. पाना, साखळ्या, दोर सगळं पडवीत पडून राहिलं. जानेवारीत निर्मलाबाई गेली.

तेरवी झाल्यावर आठेक दिवसांनी बकाराम आला. अंगणातल्या खाटेच्या कडेवर बसला.

"भाऊ, उन्हाळा येऊन राहिला," तो म्हणाला. "दोन गावचे निरोप आहेत. पन ग्रामसेवक म्हनते, तुमचा नंबर बंद दाखवून राहिला."

केशोरावचं मन कामात नव्हतं. सौंदडला दिलेली मुलगी मंजू रोज फोन करून सांगत होती, "बाबा, आता बस करा. किती दिवस पाईप ओढता? माझ्याकडे या." पण बकाराम अठ्ठावन्नचा. सात महिने त्यानं मिळेल तिथं रोजी केली होती आणि त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. केशोराव उठला, सदरा घातला. "चाल. गोंदियाले जाऊ. नंबर चालू करून घेऊ."

भुपेंद्रच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर फायली होत्या. बकाराम बाहेर चहाच्या टपरीवर थांबला. भुपेंद्रनं एक खुर्ची मोकळी केली, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि चुकचुकला.

"काका, सात महिने कुछ भराही नहीं. नंबर चालू ठेवा नाहीतर बंद करा, पहले ये सब भरना पड़ेगा. आता एकेक महिना विचारतो, काम केलं का तेवढं सांगा. जुलै?"

जुलैत धानाची रोवणी चालू होती. ती सोडून नवरा-बायको नागपूरच्या धर्मशाळेत राहिले होते. रेल्वेत निर्मलाबाई खिडकीतून बायकांना चिखलात वाकलेल्या पाहून म्हणाली होती, आपल्या धानाच्या बांधीत कोण असेल आता?

"काई नाही," केशोराव म्हणाला.

"शून्य." भुपेंद्रनं बटण दाबलं. "ऑगस्ट?"

ऑगस्टमध्ये तिचे केस गेले. तिनं ते कागदात गुंडाळले आणि त्याच्या हातात दिले, कुठं टाकायचे ते टाका म्हणून.

"काई नाही."

"सप्टेंबर?"

"नाही."

"ऑक्टोबर? एखादं तरी छोटं काम केलं असेल ना, काका?"

ऑक्टोबरमध्ये तिला नवीन तांदळाचा भात खावासा वाटला. मंजूनं सौंदडहून डबा पाठवला. दोन घास खाल्ले आणि ओकली. मग त्यालाच म्हणाली, तुमी खा, वाया नोको जाऊ देऊ. तिच्यासमोर बसून त्यानं तो सगळा भात संपवला होता.

"नाही. काईच नाही केलं."

"नोव्हेंबर?"

नोव्हेंबरात गावची मंडईची जत्रा होती. तिला दंडारीचा खेळ पाहायला घरी यायचं होतं. डॉक्टर नाही म्हणाले. पुढच्या वर्षी जाऊ, असं केशोराव बोलला होता. निर्मलाबाई त्याच्याकडे पाहत राहिली होती, आणि हो म्हणाली होती.

"शून्य," या वेळी केशोराव स्वतःच म्हणाला.

"डिसेंबर?"

डिसेंबरात डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

"शून्य."

"जानेवारी?"

भुपेंद्रनं वळून पाहिलं. त्याला ठाऊक होतं. "राहू द्या काका," तो हळू म्हणाला, "मी टाकतो."

बटणाचा आवाज झाला. भुपेंद्रनं समोर पाण्याचा ग्लास ठेवला. "अब नियम आणखी कडक होऊन राहिले. एक महिना चुकला की पुढचं काही भरताच येत नाही. दर महिन्याला मला फोन करावा लागेल. तर मग चालू ठेवायचा ना?"

केशोराव चालू ठेवायलाच आला होता. पण दर महिन्याला कोणीतरी आपल्याला विचारणार, या महिन्यात काय केलं, या विचारानंच त्याला बसवेना.

"बंद करून टाक," तो म्हणाला.

बाहेर बकाराम दोन चहा सांगून बसला होता. केशोरावनं त्याला सांगितलं. बकारामनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"मले विचाराचं तरी होतं, भाऊ."

"हो. विचाराले पायजे होतं."

मार्चमध्ये बकाराम एका राईस मिलमध्ये हमालीला लागला.

एप्रिलच्या शेवटी एका टोल्यावरची देवकाबाई दारात आली. पंप अडकला होता, दांडा खाली जात नव्हता. "बिल-फिल नोको भाऊ, आमी बाया वर्गणी करतो. दोन कोसावरून पानी आणून राहिलो."

केशोराव बकारामच्या घरी गेला. त्याची बायको धुरपता म्हणाली, तो मिलमध्ये आहे, रविवारपर्यंत सुट्टी नाही. केशोरावनं रविवारची वाट पाहायला हवी होती. त्यानं सामान बांधलं आणि एकटाच गेला.

टोल्यावर बाया मदतीला आल्या. दोन पाईप निघाले. तिसऱ्याला त्यानं एकीच्या हातात पाना दिला, कसा धरायचा ते दाखवलं आणि जोड सोडवू लागला. पाना निसटला. त्यानं हातानं पाईप धरायला पाहिलं, तळव्याची कातडी सोलून पाईप सर्रकन बोअरमध्ये गेला. खोल कुठंतरी दणका झाला.

पाईप तळाशी फसला होता, आता त्या बोअरिंगमधून पाणी निघणार नव्हतं. ते बायांनाही कळलं. पाना धरलेली बाई रडायला लागली.

"तुही चूक नाही बाई," केशोराव म्हणाला. "माहीच आहे."

देवकाबाईनं त्याच्या हातावर फडकं बांधलं. कोणी त्याला बोल लावला नाही. रिकामे गुंड-हंडे उचलून बाया निघून गेल्या.

संध्याकाळी बकाराम मिलमधून आला, तेव्हा केशोराव त्याच्या ओट्यावर बसलेला होता. बकारामच्या केसांत, भुवयांवर धानाचा कोंडा होता. त्यानं फडकं बांधलेला हात पाहिला.

"टोल्यावरचा पाईप पडला," केशोराव म्हणाला.

"एकटे काऊन गेले?"

बकाराम आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि त्याच्या शेजारी बसला. त्यानं फडकं सोडलं आणि जखम धुवायला लागला.