बंद म्हणजे किती बंद

आमच्याकडं विहिरीत कधी उतरायचं ते लाईट ठरवते. शेतीची लाईट नसली की माणसं बिनधास्त खाली जातात. फ्यूज काढायचे कष्ट कोण घेणार? स्टार्टर कायम ऑटोवर, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. त्या दुपारी आमचे हे नळदुर्गजवळच्या शेतात, पाण्यातली मोटर गाळातून जरा वर ओढून बांधायला असेच उतरले होते. केबलला जागोजागी जोड, त्यांवर नुसती चिकटपट्टी. फोन नेहमीप्रमाणं काठावर काढून ठेवलेल्या शर्टात.

मी घरी होते. गावाच्या ग्रुपवर वायरमनचा निरोप आला, "आज शेतीची लाईट लवकर सोडतोय." हे तर विहिरीत! ह्यांना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. शेजारच्या शेतकऱ्याचा लागेचना. शेत लांब, हायवेच्या पलीकडं, आणि गाडी हेच घेऊन गेलेले.

उरला लॅपटॉप. पुण्याला शिकायला जाण्याआधी मुलानं विहिरीवर एक डबी बसवली होती. ती बॅटरीवर चालते आणि घरबसल्या मोटर चालू-बंद करते. तिची बटणांची खिडकी उघडली, तर चक्र गोल फिरत बसलं. मुलगा परीक्षेत, फोन बंद. राहिली ती काळी खिडकी, जिथं सगळं टाइप करून सांगावं लागतं. तिचं आणि माझं कधी जमलं नाही. चुकलं तरी ती ओरडत नाही, बरोबर आलं तरी शाबास म्हणत नाही.

'हेल्प' लिहिलं. इंग्रजी शब्दांची रांग भराभरा उतरली, तिच्या स्वतःच्या हुकमांची. त्यात मारणं होतं, थांबणं होतं, बाहेर पडणं होतं; मोटर कुठंच नव्हती. मग आठवलं, ज्याची माहिती हवी त्याचं नाव आधी लिहायचं. 'मोटर' लिहिलं, पुढं दोन आडव्या रेघा आणि 'हेल्प'. आता कामाची यादी आली: चालू, बंद, ऑटो, स्थिती. मी घाईनं 'बंद' दिलं. उत्तर आलं, ठीक.

हुश्श करून मी खुर्चीला टेकले. पण छापील काही दिसलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला खोड आहे; औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा मी सोडत नाही. 'बंद'च्या पुढं लिहिलं होतं की मोटर आत्तापुरती थांबते, वीज पुन्हा आली की ऑटो तिला सुरू करतं. जी मुळात बंदच होती तीच मोटर मी बंद केली होती! सगळ्यात खाली 'कुलूप' होतं: ते काढेपर्यंत मोटर कशानंही चालू होणार नाही. घाईत स्पेलिंग चुकलं. असा हुकूम माहीत नाही, असं तिनं थंडपणे सांगितलं. पुन्हा लिहिलं. ठीक.

मग स्थिती विचारली. मोटर बंद. कुलूप लागलेलं. वीज आहे.

वीज आली होती. कुलपाच्या आधी आली की नंतर, ते लिहिलेलं नव्हतं. मी यादी पुन्हा वरून खाली वाचली. विहिरीतल्या माणसाचं विचारायची सोय तिच्यात नव्हती. फोन लावत राहिले आणि तुळजापूरच्या आईला काय काय नवस बोलले, ते मला आता आठवतही नाही.

बऱ्याच वेळानं ह्यांचाच फोन आला. आवाज चढलेला.

"अगं, त्या डबीला काय करून ठिवलंस? लाईट आलीय अन् मोटर चालूच व्हईना! बटन दाबून दाबून बोट दुखाया लागलं."

मला आधी रडू फुटलं, मग संताप आला. "लाईट कधी आली?"

"काय की. म्या खालीच होतो. वर आलो तर स्टार्टरचा दिवा लागलेला."

"फ्यूज काढला होता तुम्ही?"

"लाईटच नव्हती की तवा."

"मी घरून मोटरीला कुलूप घातलंय," मी म्हटलं.

मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच. येतो म्या घरी."