शालनची दहा बोटं

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकतीच तव्यावर भाकरी टाकली होती. फोन तिच्या सुनेचा, वैशालीचा. "मावशी, आई गेल्या," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणाले. आता बघा, ऐन तारुण्यापासूनची मैत्रीण गेल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? पण मी म्हणाले, भाकरी उलटली आणि ती फुगेपर्यंत तिथंच उभी राहिले. खरं सांगायचं तर रडू आलं नाही. भीती वाटली. शालनला एक गोष्ट विचारायची राहिली होती आणि ती दुसऱ्या कुणाला विचारून चालणार नव्हतं… त्याला आता काही आठवडे झाले. दिवसकार्य झालं, पाहुणे परत गेले. भीती आहे तिथंच आहे.

आमची ओळख टायपिंगच्या क्लासातली. कोल्हापुरात, शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीवर तो क्लास होता. खाली गिरणीची घरघर, वर मशिनींचा कडकडाट, आणि आमच्या वेण्यांवर पिठाची पांढरी भुकटी. मॅट्रिक झालेल्या पोरीला टायपिंग आलं की नोकरी मिळते आणि नोकरी मिळाली की बरा नवरा मिळतो, असा तेव्हाचा हिशेब. मी तर नवऱ्याच्याही पुढं पोचले होते. नखं वाढवून, लाल पॉलिश लावून, खुर्चीवर अशी तिरकी बसायची की जणू कुणी साहेब आतून घंटी वाजवणार आणि मी लचकत जाणार. पहिल्याच दिवशी करंगळीचं नख दोन बटणांच्या फटीत अडकलं आणि मी अशी किंचाळले की सरांना वाटलं मशीनच पायावर पडलं. सगळे हात थांबले. फक्त शेजारच्या मशीनवरचे थांबले नाहीत. तिथली सावळी, ताठ बसलेली पोरगी कागदावरची नजर न हलवता म्हणाली, "बोट हाय का गेलं?"

ती शालन. शाहूवाडीकडची, भातशेतीच्या घरातली, इथं मामाकडं राहून शिकत होती. त्या जुन्या मशिनींची बटणं दाबायची नसत, मारायची असत. अक्षराचा लोखंडी दांडा उठून रिबनीवर आदळला तर अक्षर. चिखलात रोपं रोवून घट्ट झालेली शालनची बोटं असा फटका मारायची की टिंबाच्या जागी भोक पडायचं. "शालन, शाई उमटव, कागद फाडू नको," सर म्हणायचे. माझी करंगळी मात्र माहेरी आलेल्या लाडक्या लेकीसारखी, कामाला हातच लावायची नाही.

न बघता टाइप करायचं, हा क्लासाचा एकच नेम. दहा बोटांना आपापली बटणं वाटून दिलेली, डोळे समोरच्या मजकुरावर. सर हातांवर फडकं टाकायचे. मी फडक्याखालून बघायची, आणि ते इतक्या चतुराईनं की फक्त अख्ख्या क्लासाला कळायचं. "कशाला बगतीस गं?" शालन म्हणायची. "जेवताना तोंड कुठं हाय ते आरशात बगतीस व्हय?" क्लास सुटल्यावर ती माझ्या मागं उभी राहून माझ्या हातांवर आपले हात ठेवायची आणि माझ्या बोटांनी टाइप करायची. माझी बोटं खाली, तिची वर. तसं केलं तेव्हा कुठं मी तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले. ती पहिल्याच खेपेला.

तिला सरकारी कचेरीत नोकरी लागली, मला एका शाळेच्या ऑफिसात. मी दोन बोटांवर आले. कोंबडीनं दाणे टिपावेत तसं टिपत टिपत रिटायर झाले. शालनची बोटं मात्र कधी सुटीवर गेली नाहीत. ऐकलेलं सगळं ती मांडीवर टाइप करायची. एसटीत कंडक्टरचं बोलणं, लग्नात मंगलाष्टकं. सासू तोंडाचा पट्टा सोडायची तेव्हा ही खाली मान घालून पदराखाली बोटं चालवायची. "काय करतीस गं?" मी विचारलं तर म्हणाली, "कॉपी ठेवतो. उद्या न्हाय म्हणाली तर?" आम्ही कोल्हापूरच्या पोरी, येतो-जातो-ठेवतो म्हणणाऱ्या. सासूला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं, सून गरीब आहे, हात थरथरतात बिचारीचे.

मग कॉम्प्युटर आले. त्या मऊ बटणांवर तिनं जुनाच फटका मारला आणि पहिला कीबोर्ड महिन्यातच निकालात निघाला. पुढं अक्षरांच्या जागाच बदलल्या. नवी मांडणी आली, मग इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवायची तऱ्हा आली. "माझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी डबे हलवून गेलंय," ती म्हणाली. "मिठात हात घातला तर साखर लागतीय." रिटायर होईपर्यंत ती जुन्या मांडणीवरच राहिली, साहेबांनाही तिनं नमवलं. फोननं मात्र तिला हरवलं. "काच हाय नुसती. कडा न्हाय, खड्डा न्हाय, बोटाला कळावं कसं कुठं हाय ते?" तरी बघायची नाहीच. तिचे मेसेज म्हणजे सांडलेली मोहरी. नातवंडं अंगठ्यांनी भराभर लिहायची ते बघून म्हणायची, "देवानं दहा दिल्यात, आणि ह्यांचा संसार दोन अंगठ्यांवर." बोललेलं फोन आपोआप लिहितो म्हटल्यावर तर हसत सुटली. "बोलायचंच तर फोन लाव की गं भवाने."

आणि शेवटी तिचं बोलणंच गेलं. फुप्फुसात पाणी झालं, आयसीयूत नेलं, घशातून नळी घातली. मी गेले तेव्हा तिचे दोन्ही हात पट्टीनं कॉटच्या दांड्यांना बांधलेले होते. नळी ओढू नये म्हणून बांधतात, हे मला नंतर समजावलं. त्या क्षणी नुसते ते हात दिसले. मनगटं बांधलेली आणि बोटं चाललेली. चादरीवर, भराभर.

"अशाच करत्यात रात्रंदिवस," नर्सबाई म्हणाली. "फोन दिला होता लिहायला, पण काहीच्या काही उमटतंय. गोंधळल्यात आजी." विजय, शालनचा मुलगा, बाहेर उभा होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, आता गळ्याला छिद्र पाडून नळी आणखी काही आठवडे ठेवायची. आशा थोडी आहे, किती ते सांगता येत नाही. आईला विचारावं तर ती कशालाही मान हलवायची. विजयनं मुद्दाम विचारून बघितलं होतं, "आई, आज दिवाळी हाय का?" त्यालाही तिनं होच म्हटलं होतं.

मी नर्सबाईला म्हणाले, "सोडा हात. नळी ओढली तर मी आहे धरायला." ती तयार होईना, मी हटेना. शेवटी भेटीच्या वेळेपुरते तिनं सोडले. मी माझे तळवे उताणे करून शालनच्या बोटांखाली सरकवले. या खेपेला माझी बोटं खालीच, पण उताणी. तिचे डोळे अर्धवट मिटलेले. आणि ती बोटं माझ्या तळव्यांवर चालायला लागली… डावी तर्जनी खाली, अ. उजवं मधलं बोट, काना. डावी तर्जनी वर, त. परत काना. फोनची काच काय वाचणार हे? ती जुन्या मांडणीत बोलत होती. मी एकेक अक्षर तोंडानं म्हणत गेले, दोनदा, तीनदा. प्रत्येक खेपेला तेच निघालं. आता घरी चला.

बाहेर येऊन मी विजयला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "मावशी, नक्की कळलं तुम्हाला? घरी न्यायचं म्हणजे काय ते माहीत हाय न्हवं?" मी म्हणाले, "व्हय. तिनं तीनदा म्हटलंय." माझा आवाज इतका ठाम होता की मलाच माझं कौतुक वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी टायपिंगमध्ये एकही चूक केली नव्हती ना! दोन दिवस त्यानं आणि वैशालीनं विचार केला, डॉक्टरांशी बोलले, आणि तिला घरी आणलं. नळी काढली, नाकाला ऑक्सिजन लावला, पुढच्या सोप्यात कॉट टाकली.

घरी आल्यावर तिची बोटं थांबली. नळी गेली तरी आवाज परत आला नाही, सारखी गुंगी. मी रोज जायची, तळवे बोटांखाली धरून बसायची. काही नाही. वैशाली म्हणाली, "बघा, निवांत झाल्या." मी मान डोलावली, आणि तिथंच, तिच्या थंडगार बोटांखाली हात असताना, मला प्रश्न पडला… इतकं बरोबर मला वाचता आलंच कसं? मी तर ढ. फडक्याखालून बघणारी. अनोळखी ओळ असती तर दुसऱ्या अक्षराला अडखळले असते. अडखळले नाही, कारण ती ओळ माझ्याही बोटांत होती. तास संपला की सर टाळी वाजवायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि सगळ्यांनी शेवटची एक ओळ मारायची. रोज, न चुकता. आता घरी चला.

म्हणजे शालन बोलत होती, की तिची बोटं नुसती सराव करत होती? बोलत होती म्हणून घरी येऊन थांबली, की अंगातली ताकद संपली म्हणून? तिला विचारावं तर ती गुंगीत. उद्या जागी झाली की विचारू, परवा विचारू, असं करता करता भाकरीच्या वेळी फोन आला.

परवा तिच्या घरी गेले. सोप्यातली कॉट अजून तशीच आहे, कुणाचा हलवायला हात होत नाही. विजय कॉटवर बसला होता, मी समोर खुर्चीत. वैशाली आत चहा टाकत होती. मग त्याची नजर माझ्या मांडीवर गेली.

"मावशी, काय लिहिताय?"

मी खाली बघितलं. बोटं चालली होती. "काही नाही रे विजू," मी म्हणाले, "सवय." आणि शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं, मी काय बोलून बसले.

तो कॉटवर पुढं सरकला. "मावशी… आईची पण सवयच नसंल ना?"

थाप मारायला मी काही भिणारी नाही, जन्मभर मारत आले. पण शालनच्या कॉटवर बसलेल्या तिच्या पोराला थाप मारवेना. मी त्याला सरांची टाळी सांगितली, मिटलेले डोळे सांगितले, ती ओळ सांगितली. आपल्याला माहीत नाही, असं सांगितलं.

"ती ओळ मारून झाल्यावर काय करायचा तुम्ही?" त्यानं विचारलं.

"कागद काढायचो. मशीनवर कापड टाकायचो. आणि मग काय, घरी जायचो."

"मग झालं की," विजय म्हणाला.

वैशालीनं चहा आणून ठेवला. तो त्यानं घेतला नाही. दोन्ही हातांनी कॉटवरची चादर सारखी करत बसला. चादर आधीपासून सारखीच होती.