गेटावरचा गेणबा आणि एककानी गाडी

शिरूरला घोडनदीच्या काठी तांब्याची तार ओढणारा कारखाना उभा राहिला, ते साल शहाण्णव. गेणबा तेव्हा पन्नाशीला टेकला होता आणि त्याच्याकडे साठ मेंढरं होती. कारखान्याला लागलेल्या जमिनीत गेणबाचा तीन एकर माळ गेला, विहिरीकडचा तुकडा तेवढा राहिला. माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. पण ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एकाला नोकरी, असं ठरलं होतं. गेणबाला एकच लेक, पूनम, ती कासुर्डीला दिलेली. बायको बानूबाई म्हणाली, "मी गेले असते, पर तितं टोपी घालाया लावत्यात." तेव्हा मुलाखतीला गेणबाच गेला.

मी त्या वेळी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. मुलाखतीला आलेल्यांची नावं लिहून घ्यायला मला बसवलं होतं, म्हणून पुढचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"शिक्षण?" निमकर साहेबांनी विचारलं. निमकर माल पाठवण्याच्या खात्याचे मॅनेजर. पुण्याचे, शर्टाला कडक इस्त्री, स्वभावालाही.

"सातवी," गेणबा म्हणाला.

"पास?"

"म्हंजी काय!"

गेणबानं कागदावर झोकदार सही ठोकली. ही सही तो दूध सोसायटीच्या निवडणुकीत शिकला होता, आणि तिच्यापलीकडे त्याला एक अक्षर येत नव्हतं. बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं.

"गेणबा, खरंच सातवी?"

"व्हय की. सात गावच्या शाळंम्होरनं मेंढरं नेल्यात म्या. न्हावरं, तळेगाव ढमढेरे... मोजा पायजे तर."

मी मोजली नाहीत आणि कुणाला सांगितलंही नाही. तेवढा गुन्हा माझ्याही नावावर आहे.

तर गेणबा गेटावरचा गार्ड झाला. खाकी कपडे, शिट्टी, आणि टेबलावर एक जाड वही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, वेळ, असं त्या वहीत गार्डनं लिहायचं. पहिल्याच सकाळी हौसरावचा ट्रक आला. हौसराव दौंडचा, अंगानं आडवातिडवा, बोलायला मोकळा. कारखान्याची तार तो न्हावऱ्यावरून दौंडच्या रेल्वे मालधक्क्यावर पोचवायचा. गेणबानं वही उघडली, पेन काढलं आणि ते हौसरावच्या हातात दिलं.

"मी लिहू?" हौसराव म्हणाला.

"कंपनीचा नवा रूल हाय. डायवरनं सोताच्या हातानं लिवायचं. फारेनची पद्धत हाय."

परदेशी पद्धत म्हटल्यावर हौसरावनं निमूट लिहिलं. गेणबा मान वाकडी करून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "अक्षार सुधरा जरा. सायेब वाचत्यात."

महिन्याभरात सगळे ड्रायव्हर आपापली नोंद आपण करू लागले. ज्याला लिहिता येत नसे त्याची नोंद मागचा ड्रायव्हर करायचा. गेणबा नुसता शिट्टी फुंकायचा आणि ज्याचं अक्षर किरटं दिसेल त्याला झापायचा.

पण गेणबाचं खरं काम वहीत नव्हतंच. चाळीस वर्षं त्यानं कोकणापर्यंत मेंढरं नेली होती. दुसऱ्याच्या कळपात घुसलेली आपली मेंढी तो नुसत्या तोंडावरून काढायचा. ट्रकांचंही त्यानं तेच केलं. प्रत्येक ट्रकला त्यानं नाव दिलं. पुढचा दिवा पिचलेली ती काणी. टपावर चुना सांडलेली बांडी. हौसरावच्या ट्रकचा डाव्या बाजूचा आरसा तुटलेला होता, म्हणून ती एककानी. तिचा हॉर्नही घसा बसल्यासारखा वाजायचा. न्हावऱ्याच्या वळणावर धूळ उठली की गेणबा इकडं बसल्या बसल्या सांगायचा, "एककानी आली. भुकेजल्याली दिसतीया."

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. नव्याण्णवच्या जानेवारीत हेड ऑफिसची माणसं तपासणीला यायची होती, म्हणून निमकर साहेबांनी गेटावरची वही मागवली आणि पानं उलटताना त्यांचा चेहरा पडत गेला. निळ्या, हिरव्या, लाल शाईत चाळीस हातांची चाळीस अक्षरं. एकानं नावाशेजारी कमळ काढलं होतं. साहेबांनी गेणबाला बोलावलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचा."

"चष्मा घरी ऱ्हायला, सायेब."

"तुम्हाला चष्मा कधी लागला?"

"लागायचाच हाय."

साहेब हसले नाहीत. महिनाअखेर नोकरी संपली, असं त्यांनी सांगून टाकलं. गेणबा घरी आला आणि बानूबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "सातवी सांगायची हाव कुनी सांगितली व्हती? चवथी म्हनला असता तर खपून ग्येलं असतं."

महिना संपायला चार दिवस होते. त्या बुधवारी गेणबाची पाळी दुपारी दोनला सुरू झाली. सकाळच्या पाळीला खंडू नावाचा नवा गार्ड होता, तो घरी गेला. अडीचला एक ट्रक माल भरून बाहेर निघाला. आत तांब्याच्या तारेची भेंडोळी, वर ताडपत्री. नंबरपाटीवर हौसरावच्या ट्रकचा नंबर, ४४१७. पण चालवायला दुसराच कुणी होता.

गेणबानं आडवा बांबू खालीच ठेवला.

"हौसराव कुठं हाय?"

"सकाळी त्यानंच गाडी आत आनली. मग त्याला ताप भरला, गेला एस्टीनं दौंडला. मला म्हनला, तू गाडी घेऊन ये."

"आन् ही गाडी कुनाची?"

"त्याचीच की. नंबर बघा ना."

"नंबर मला दिसत न्हाई," गेणबा म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. "मला त्वांड दिसतंय. ही एककानी न्हाई."

गेटावर खोळंबा झालेला बघून निमकर साहेब तरातरा आले. मीही मागोमाग गेलो. साहेबांनी कागद बघितले. शिक्के होते, सह्या होत्या. "बांबू वर करा, गेणबा. पाच वाजता दौंडला वॅगन भरायची आहे."

"सायेब, हिला दोन आरसं हायती."

"बसवला असेल नवा."

"वाजवा हो हॉर्न," गेणबा ड्रायव्हरला म्हणाला. हॉर्न खणखणीत वाजला.

"तोही दुरुस्त केला असेल," साहेब म्हणाले. "हे बघा, सकाळी हौसरावनं स्वतः वहीत नोंद केली आहे. ही त्याची सही. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

वही त्यांनीच उघडून गेणबापुढं धरली. गेणबा त्या नोंदीवर वाकला. सही सोडून त्यानं सरळ गाडीच्या नंबरातल्या शेवटच्या आकड्यावर बोट टेकवलं.

"ह्यो कोन हाय?"

"सात."

"हौसरावचा न्हाई. हौसराव त्याच्या पोटात काडी घालतो. तीन वर्सं बघतुया, एकदा इसरला न्हाई. आन् सहीला बैलावानी शेपूट काडतो. ह्ये तर भुंडं हाय."

साहेब पानं मागं मागं चाळू लागले. डिसेंबर, नोव्हेंबर, दिवाळीच्या आधीचे दिवस. जिथं जिथं हौसराव, तिथं तिथं साताच्या पोटात काडी आणि सहीला लांबलचक शेपूट. फक्त आजच्या नोंदीत काडी नव्हती आणि शेपूटही नव्हतं. साहेबांनी वही मिटली आणि मला हळूच म्हणाले, "दौंडला फोन लावा."

मालधक्क्यावरचा फोन लागला. पलीकडून हौसरावचाच आवाज आला. "मी? मी हितंच हाय. आमच्या गाडीला आज पाळीच न्हाई, म्हनून बसलोय भजी खात. का वो?"

मी खिडकीतून ओरडून हे सांगितलं मात्र, ट्रकमधल्या पाहुण्यानं दार उघडून उडी टाकली आणि नदीकडं धूम ठोकली. आम्ही ओरडत मागं पळालो. गेणबा मात्र पळाला नाही, सावकाश आपली काठी घेऊन चालत निघाला. घोडनदीच्या काठाला तिथं गाळ किती आहे ते त्याला माहीत होतं आणि पाहुण्याला नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा माणूस मांडीपर्यंत रुतला होता आणि हलेल तितका खाली जात होता.

गेणबानं काठी पुढं केली. "धरा पाव्हनं. हितं म्हशी बी फसत्यात, लाजू नगा."

पोलीस येईपर्यंत त्या माणसाला गेणबानं गेटावर बसवून चहा पाजला. पाय धुवायला पाणीही दिलं. खोट्या पाटीखाली ट्रकची खरी पाटी निघाली, आणि पाच टन तार परत गोदामात गेली.

दुसऱ्या दिवशी निमकर साहेबांची पंचाईत झाली. ज्याच्यामुळं चोरी सापडली त्याला काढायचं कसं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ठेवायचं कसं? शेवटी त्यांनी एक हुकूम टाईप करून गेटावर चिकटवला. गेणबा म्हणाला, "सायेब, जरा वाचून दावता?"

साहेबांनी वाचला. यापुढे प्रत्येक ड्रायव्हरनं वहीतली नोंद स्वतःच्या हस्ताक्षरात करावी.

"पुन्यांदा वाचा. नीट ऐकू आलं न्हाई."

साहेबांनी दात ओठ खात पुन्हा वाचला. वर गेणबाला तोंडी अट घातली: दिवाळीपर्यंत अक्षरओळख झाली पाहिजे.

अक्षरं शिकवायला बसली नात, पूनमची हर्षदा. मे महिन्याच्या सुट्टीत ती आजोळी आली होती, वय वर्षं नऊ. ती छडी घेऊन शिकवायची, शाळा सुरू झाल्यावर रविवारी येऊन. गेणबाला काना, मात्रा, वेलांटी जमायला दसरा उजाडला. पण जमल्यावर त्यानं जुन्या वह्या काढल्या आणि पहिल्यापासून वाचायला घेतल्या. मग कळलं, की तीन वर्षं ड्रायव्हर लोक शेऱ्याच्या रकान्यात काय काय लिहीत होते. 'गार्ड फार बोलतो.' 'म्हाताऱ्याला शिट्टीचं वेड.' आणि खुद्द हौसरावच्या हातचं, साताच्या पोटात काडी असलेल्या ओळीपुढं, 'हा बाबा चहाला कधी बोलवत नाही.'

दुसऱ्या दिवशी एककानी आली तेव्हा गेणबानं बांबू पाडला आणि हौसरावला भर उन्हात अर्धा तास उभा केला.

"मामा, काय चुकलं?"

"च्या टाकलाय. पिऊनच जायाचं आता," गेणबा म्हणाला आणि चुलीत लाकूडसुद्धा घातलं नाही. अर्ध्या तासानं त्यानं शेरा वाचून दाखवला, एकेक अक्षर लावत, सगळ्या ड्रायव्हरांसमोर. हौसरावला हसावं की पळावं कळेना. पण त्या दिवसापासून दोघांचं मैत्र जमलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लोक फक्त टायर आणि पावसाविषयी लिहू लागले.

दोन हजार चार साली गेणबा निवृत्त झाला. शिरूरभोवती तोवर कारखान्यांची रांग लागली होती, माळाला कधी नव्हे ते भाव आले होते, आणि रस्त्याला मराठीइतकीच हिंदी ऐकू येत होती. हौसराव म्हणाला, "मामा, आठ वर्सं तुम्ही माल धाडला, तो जातो कुठं ते बघितलं का कवा?" आणि तो गेणबा-बानूबाईला ट्रकमध्ये बसवून दौंडला घेऊन गेला. त्या फेरीला मीही होतो.

मालधक्क्यावर वॅगनींची लांबच लांब ओळ उभी होती. साखरेची पोती चढत होती, आणि पलीकडं हमाल आमच्या तारेची भेंडोळी आत लोटत होते.

"ही तार लोक करत्यात काय?" बानूबाईनं विचारलं.

"मोटारीत भरत्यात, मामी. हिरीवरच्या पान्याच्या मोटारीत."

बानूबाई थबकली. "म्हंजी आमच्या हिरीवर जी मोटार हाय, तिच्यात हीच तार?"

"आसंल की."

"दोन साल झालं, दर उन्हाळ्यात जळती ती!"

पदर खोचून ती सरळ मालधक्क्याच्या कचेरीत शिरली. आत एक बाबू चष्मा पुसत बसला होता. "तार कसली धाडताय वो तुम्ही?" बानूबाईनं सुरुवात केली. बाबू म्हणाला, बाई, आम्ही फक्त वाहून नेतो. ती म्हणाली, मग जिथं नेता तिथं निरोप द्या. तो नाही म्हणाला. ती खुर्ची ओढून बसली. पाऊण तासानं बाबूनं एक कोरा कागद घेतला आणि तिची तक्रार लिहायला सुरुवात केली, विहिरीच्या खोलीपासून.

गेणबा आणि हौसराव ट्रकच्या मागं उभे राहून भजी खात होते. मी म्हटलं, "गेणबा, जा ना आत, आवरा त्यांना."

"म्या न्हाई," गेणबा भज्याला मीठ लावत म्हणाला. "त्यो बाबू माझ्याकडं बघंल, आन् मला म्हनंल, ह्या तुमच्या कोन? मंग खरं सांगाया लागंल."