सायकलवर फेडलेला नवस

नवा गुडघा बसला की सौंसरहून जामसांवलीला पायी येईन, असा नवस मी ऑपरेशनआधी मारुतीला बोलले होते. ऑपरेशन झाल्यावर घरात व्यायामाची सायकल आली. तिच्यावर किलोमीटरचे आकडे पळताना पाहून मला धीरच धरवेना. सायकल जागची हलत नव्हती, पण पाय तर माझेच होते! रोज थोडं थोडं करत आठवड्याभरात आकड्यांच्या हिशेबानं मी देवळाशी पोचले. हँडलवर डोकं टेकलं, नवऱ्याला पुढ्यात नारळ फोडायला लावला अन् हसत हसत उतरायला लागले.

“अवं, उतरून काहून राहिली?” नवरा म्हणाला. “घरी वापस नाही यायचं का?”

खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून मी पुन्हा बसले अन् उलटं पॅडल मारत सौंसरला निघाले.