सहा हजार खोकी

आमच्या ह्यांनी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी भांडारात. सुभेदार म्हणून निवृत्त होताना हातात नोकरीची दोन पत्रं होती. एक फरीदाबादच्या पंख्यांच्या कारखान्याचं, सीनियर पर्चेस मॅनेजरच्या जागेसाठी. पण पहिले तीन महिने काम बघून मग ठरवणार. दुसरं पार कच्छमधलं. तिथं कुटुंबाला जागा नव्हती. आमचा निम्म्याहून जास्त संसार मी साताऱ्याकडे सासरी आणि हे कुठल्या तरी चौकीवर, असाच झाला होता. फरीदाबाद टिकलं तर एका घरात राहायचं, नाहीतर पुन्हा हे तिकडे आणि मी इकडे. कच्छवाले तीन महिने थांबायला तयार होते, याचासुद्धा मला राग यायचा.

तूर्त आम्ही दोघं फरीदाबादला भाड्याच्या घरात राहायला आलो. नऊच्या ऑफिसला हे सातला घरातून निघायचे. दुसऱ्या महिन्यात पंखे भरायची पुठ्ठ्याची खोकी संपत आली. चार हजार हवी होती. ह्यांनी सहा हजार लिहिली आणि खाली सही ठोकली.

यात ह्यांच्या मते वावगं काहीच नव्हतं. भांडारातून मागणी वर गेली की वरचा साहेब तिला कात्री लावायचा, त्याच्या वरचा आणखी थोडी. म्हणून चार हवे तर सहा मागायचे, हे ह्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कारखान्यात मात्र खरेदीची शेवटची सही ह्यांचीच होती. सहाच्या सहा हजार खोकी ट्रक भरभरून दारात आली. गोदाम भरलं, मग कामगारांचा सायकल स्टँडही भरला.

त्या संध्याकाळी हे बूट न काढताच पलंगावर बसले.

"अगं, माझ्या वर कापणारं कोणी नव्हतंच."

मला हसू फुटलं. मग ह्यांचा चेहरा बघितला आणि ते हसू तिथंच थांबलं. घाबरले की मी चिडते. "आधी नाही का सुचलं?" असं फाडकन बोलून गेले. त्याचं आजही वाईट वाटतं.

सकाळी ह्यांनी मालकांसाठी कागद लिहिला: चूक माझी, जादा माल माझ्यामुळे आला.

मी म्हटलं, "अहो, कशाला देताय? खोकी काय नासतात? दोन महिन्यांत वापरून होतील."

"चूक झाली की वर कळवायची," हे म्हणाले आणि कागद खिशात घालून निघून गेले.

दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. दूध उतू गेलं. दर बदलीला ह्यांच्याबरोबर जाणारी लोखंडी पेटी पलंगाखालून दिसत होती, तिच्यावर मी चादर ओढली. प्रामाणिकपणाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

हे नेहमीच्या वेळी आले. मालक म्हातारे पंजाबी गृहस्थ. त्यांनी कागद दोनदा वाचला म्हणे आणि मोठ्यांदा हसले. "सूबेदार साहब, यहाँ काटनेवाले भी आप ही हो!" मग म्हणाले, "गलती लिखकर देनेवाला पर्चेसवाला मैंने पहली बार देखा है। तीन महीने छोड़ो, आप आज से पक्के।"

मी चहा ठेवला आणि तिथंच रडू लागले. हे मागे येऊन नुसते उभे राहिले. बायकोचं रडणं समोर बघायची ह्यांना सवय कुठली!

"तुमचं काय घेऊन बसलात," डोळे पुसत मी म्हटलं, "मीपण तेच करायचे. 'महिनाभराची रजा काढून या' असं पत्रात लिहायचे ना, ते दहा दिवस तरी मिळावेत म्हणून."

चहा उकळत राहिला.

"मग खरे किती हवे होते?" ह्यांनी हळूच विचारलं.

"सगळे," मी म्हणाले.