आण्णांनी दंड पुढे केला

फ्लेक्स दिसला आणि गाडीतून उतरूच नये असं वाटलं. ग्रामपंचायतीच्या कमानीला भलामोठा फ्लेक्स, 'अमेरिकेहून आलेल्या मान्यवर पाहुण्यांचे हार्दिक स्वागत', आणि खाली तीन फोटो. तिघंही गोरेपान, सोनेरी केसांचे, गळ्यात स्टेथोस्कोप. माझ्या मागच्या सीटवर बसलेले खरे पाहुणे तिघंही कृष्णवर्णीय होते.

मी आमच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टच्या सचिवांना फोन लावला. पाहुण्यांचे फोटो पाठवायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. मग फ्लेक्सवाल्यानं नेटवर 'अमेरिकन डॉक्टर' शोधलं आणि जे आले ते छापले.

"मॅडम, त्यांना मराठी वाचता येत नाही ना?" सचिव म्हणाले.

"फोटो वाचावे लागत नाहीत, सर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी मिरजेच्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे. म्हणजे काय, हे माझ्या सासरच्यांना अजून कळलेलं नाही, म्हणून सोपं करून सांगते. डॉक्टर गोळी लिहून देतो. ती गोळी पेशंट घरी जाऊन खरंच खातो का, खात नसेल तर का खात नाही, हे शोधायचं काम आमचं. शिवाय खेड्यात जाऊन स्क्रीनिंग करायचं. कसलाही त्रास होत नसलेल्या माणसाला तपासायचं, त्याला स्क्रीनिंग म्हणतात. ज्याला त्रास नाही तो तपासायला येत नाही, ही या कामातली गोम.

पाहुणे याच कामासाठी आले होते. डॉ. डेनिस त्यांच्या शहराच्या आरोग्य खात्याच्या प्रमुख. उंच, शांत बाई. वॉल्टर तिथले नगरसेवक, सतत हसणारे. आणि क्लॅरेन्स हे गायक, त्यांच्या भागात रोज सकाळी रेडिओवर गाणी आणि गप्पांचा कार्यक्रम करणारे. तिघांनी मिळून आपल्या वस्तीतल्या लोकांना ब्लडप्रेशर तपासायची सवय लावली होती. ते कसं जमवलं, हे आम्हाला त्यांच्याकडून शिकायचं होतं आणि आमचं खेड्यातलं काम त्यांना बघायचं होतं. त्यात सुरुवातच अशी.

वॉल्टर गाडीतून उतरले, फ्लेक्सकडे बघितलं आणि पोट धरून हसले. त्याच्याखाली उभं राहून त्यांनी फोटोही काढून घेतला. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "आमच्या शहरातसुद्धा आरोग्य खात्याच्या पोस्टरवर वर्षानुवर्षं हेच लोक होते. आमची माणसं बघायची आणि म्हणायची, हे काही आपल्यासाठी नाही. आणि घरी जायची."

हे बोलून ते पुढं गेले. मी मात्र तिथंच थोडी रेंगाळले. आमच्या शिबिरांच्या पत्रकावरही कायम शहरातलं, इस्त्रीच्या कपड्यातलं कुटुंब असतं.

गाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, दुष्काळी पट्ट्यातलं. पूर्वी सगळे मेंढपाळ. आता पाणी आलंय तसं थोडं द्राक्ष, थोडी ज्वारी, आणि मेंढरंही आहेतच. बिरोबाची जत्रा आणि तिच्यातला गजी ढोल ही या गावाची शान. ढोल गळ्यात अडकवून गोल फेर धरून तासन् तास वाजवत नाचायचं. मधे ढोल घेऊन उभा असतो तो म्होरक्या. त्याच्या इशाऱ्यावर सगळा फेर फिरतो.

म्होरक्या होते बिरूआण्णा, आणि माझा जीव त्यांच्यातच अडकला होता. त्यांच्याआधी त्यांचे थोरले भाऊ म्होरके होते. ऐन जत्रेत वाजवता वाजवता ते कोसळले. लकवा. तेव्हापासून अंथरुणावर. त्यांचं ब्लडप्रेशर किती आहे हे कुणी कधी बघितलेलंच नव्हतं. आण्णांचं मी बघितलं होतं. मागं एकदा मी गावात आले असताना त्यांच्या घरी, दार लोटून. वरचा आकडा दोनशेच्या घरात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढच्या वेळी गेले तर गोळ्यांचं पाकीट तसंच फळीवर. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. त्यांच्या पत्नी, सखूबाई, मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि पदर तोंडाला लावून हलक्या आवाजात म्हणाल्या, "जत्रा म्हयन्यावर आली, म्याडम. थोरल्यावानी झालं तर मी काय करू?"

आण्णांचं उत्तर ठरलेलं. "मला काय धाड भरलीया? गोळी खायाला मी काय आजारी हाय व्हय?"

शिबिर शाळेच्या व्हरांड्यात होतं. बायका आल्या, म्हातारे आले, पाहुण्यांबरोबर सेल्फी काढायला कॉलेजची पोरंही आली. चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये तेवढे समोरच्या लिंबाखाली उभे राहून आमची गंमत बघत होते. सखूबाई डॉ. डेनिसकडे बराच वेळ निरखून बघत होत्या. शेवटी त्यांनी मला विचारलं, "ही तर आपल्यावानीच काळी हायती की. तिकडं बी मेंढरं राखत्यात का?"

मी जरा अवघडत भाषांतर केलं. डॉ. डेनिस हसल्या. म्हणाल्या, मेंढरं नाही, पण आमच्या आजी-आजोबांनी दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला. सखूबाईंनी मान डोलावली आणि आपला दंड त्यांच्यापुढं केला. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

दुपार झाली तरी लिंबाखालचे हलले नाहीत. मी चिडले होते. डॉ. डेनिस मात्र खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि त्यांनी मला एकच विचारलं. हे पुरुष डॉक्टरचं ऐकत नाहीत हे दिसतंय, पण ऐकतात कुणाचं? मी आण्णांचं नाव घेतलं आणि थोरल्या भावाची सगळी हकिगत सांगितली, पण आण्णांचा आकडा सांगितला नाही. पेशंटचा आकडा पेशंटचा असतो, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

क्लॅरेन्स बाजूला बसून ऐकत होते. ते उठले. "मला त्या ढोलवाल्याकडे घेऊन चला," म्हणाले.

आण्णा बिरोबाच्या देवळापुढं ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. पाहुणा दिसताच त्यांनी घोंगडं अंथरलं. आमच्या भागात घोंगड्यावर बसवणं म्हणजे मोठा मान. क्लॅरेन्स मांडी घालता येईना म्हणून पाय पसरून बसले. भाषेची अडचण पहिली पाचदहा मिनिटं. मग आण्णांनी ढोल त्यांच्या गळ्यात अडकवला आणि दोघांना माझी गरज उरली नाही. आण्णा एक ठेका वाजवायचे, क्लॅरेन्स तो चुकत चुकत उचलायचे, मग स्वतःचा एक टाकायचे. लिंबाखालचे सगळे देवळाकडे आले. सकाळपासून जे मला जमलं नव्हतं ते ढोलानं केलं.

क्लॅरेन्स दमले. ढोल उतरवला, शर्टाच्या खिशातून एक डबी काढली आणि सगळ्यांच्या देखत एक गोळी पाण्याबरोबर घेतली. आण्णांची नजर त्या डबीवर.

"कशाची ओ?" त्यांनी मला विचारलं.

क्लॅरेन्सनी सांगितलं आणि मी मराठीत करत गेले. त्यांचं ब्लडप्रेशर जास्त होतं. डॉ. डेनिस कितीतरी दिवस मागं लागल्या होत्या. पण आमच्या लोकांवर दवाखान्यात पूर्वी फार अन्याय झालेत, म्हणाले, त्यामुळं डॉक्टर दिसला की आम्ही दुसऱ्या रस्त्यानं जातो. शिवाय रेडिओवाल्यांना कळलं तर कार्यक्रम दुसऱ्याला देतील ही भीती. एका सकाळी माइकसमोर बसले, तोंड उघडलं आणि शब्दच येईना. ऐकणाऱ्यांना वाटलं, रेडिओ बिघडला. तो लकव्याचा झटका होता. पुन्हा नीट बोलायला यायला त्यांना कितीतरी महिने लागले.

लिंबाखालून आलेले आणखी जवळ सरकले. आण्णांच्या थोरल्या भावाला पडताना या सगळ्यांनी बघितलं होतं.

आण्णांनी विचारलं, "मग तुमची जागा दिली का दुसऱ्याला?"

"दिली," क्लॅरेन्स म्हणाले.

"परत मिळाली?"

"अर्धी. एक दिवस मी, एक दिवस तो पोरगा."

मला वाटलं, संपलं. पूर्ण मिळाली असं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? भाषांतरात तेवढं बदलावं असा मोहही झाला. पण मी जसंच्या तसं सांगितलं, आणि बरं झालं, कारण आण्णांचा चेहरा त्या 'अर्धी'वरच जरा सैल झाला. त्यांच्याशी कुणीतरी खरं बोलत होतं.

"आन् गोळीनं आवाज जातो का?"

क्लॅरेन्स गायले. त्यांच्या चर्चमधलं कसलंसं गाणं असावं. शब्द मलाही कळले नाहीत. आवाज थोडा फाटका होता, पण देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत गेला.

आण्णांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दंड पुढं केला. "बांधा पट्टा."

मी म्हटलं, घरी जाऊन बघू या, इथं सगळे आहेत. तो खासगी बाबींचा नियम माझ्या हाडात मुरलेला. आण्णा म्हणाले, "घरात दार लावून बांदलासा, म्हनून मला चोरी केल्यावानी वाटलं. हितंच बांधा. समद्यांम्होरं."

मी डॉ. डेनिसकडे बघितलं. त्या म्हणाल्या, एकदा नाही, दोनदा विचारा, आणि दोन्ही वेळा हो म्हणाले तर निर्णय त्यांचा. मी पुन्हा विचारलं. आण्णा वैतागले, म्हणजे उत्तर होच होतं.

आणखी एक अडचण होती. ढोल वाजवून झाल्या झाल्या ब्लडप्रेशर मोजून उपयोग नसतो, आकडा उगाच चढलेला येतो. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसावं लागतं, बोलायचंसुद्धा नाही. मी तसं सांगितलं. आण्णा देवळाच्या खांबाला टेकून बसले. त्यांनी बोट ओठावर ठेवलं आणि सगळा जमाव गप्प झाला. म्होरक्याचा इशारा तो. एरवी ज्या गावात चहा पितानाही चार माणसं एकदम बोलतात, तिथं पाच मिनिटं फक्त मेंढरांचा आवाज येत होता.

आकडा जास्तच आला. मी तो त्यांच्या कानात सांगितला. त्यांनी तो मोठ्यानं सगळ्यांना सांगितला आणि वर म्हणाले, "गोळ्या घरात हायत्या. मी खाल्ल्या न्हाईत. आजपासनं खातो. आता ज्याला थोरल्यावानी पडायचं आसंल त्यानं घरला जावं."

कुणी घरी गेलं नाही. देवळापुढं रांग लागली. ढोलाचे गडी, झांजवाले, सरपंच, आमचा ड्रायव्हरसुद्धा. वॉल्टर रांगेतल्या लोकांना सावलीत बसवत होते, डॉ. डेनिस पट्टे बांधत होत्या. कितीतरी जणांचं ब्लडप्रेशर जास्त निघालं, आणि त्यांतल्या एकालाही ते आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पाहुण्यांना संध्याकाळी मिरजेत सत्काराला पोचायचं होतं. सचिवांचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. सत्कार झाला नाही. पाहुण्यांनीही त्याबद्दल काही विचारलं नाही.

जत्रेला मी गेले, धास्तावूनच गेले. आण्णा गोळ्या नेमानं घेत होते, आकडा बराच खाली आला होता, डॉक्टरांनी बेतानं वाजवायला परवानगी दिली होती. आण्णांनी सुरुवातीचा संथ फेर वाजवला. भंडारा उधळला गेला, ठेका चढायला लागला, आणि जिथं थोरले कोसळले होते त्या जलद फेराच्या तोंडाशी आण्णांनी हात वर करून सगळं थांबवलं. गळ्यातला ढोल काढला आणि पुतण्याच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलाच्या गळ्यात घातला. स्वतः बाजूला उभं राहून झांज घेतली.

फेर संपल्यावर मी विचारलं, वाईट नाही वाटलं?

"वाटलं की," आण्णा म्हणाले. "पर मी उभा हाय तवर ढोल दिला, म्हनून तो मी दिला. पडल्यावर दिला आसता तर त्यानं घेतला आसं झालं आसतं. थोरल्याच्या हातातनं मीबी तसाच घेतलाय, म्याडम."

मी तो व्हिडिओ त्या तिघांना पाठवला आणि खाली आभार लिहायला लागले. पण तीन माणसांनी एका दुपारी गावाला काय दिलं ते इंग्रजीत मला नीट मांडता येईना. मग मराठीतच लिहिलं, त्यांना कुणीतरी समजावून सांगेल म्हणून.

आमच्या कामात पेशंटला काय खावं, काय खाऊ नये, हे आम्ही घडाघडा सांगतो. आता मी वही उघडायच्या आधी विचारते, गोळी सुरू केली तर तुमचं काय जाईल असं तुम्हाला वाटतं? बहुतेक जण पहिल्यांदा काहीच नाही म्हणतात. मग मी आणखी एकदा विचारते.