मेहरूनच्या वेण्या आणि बंद केलेलं वायफाय

कॉन्व्हेंट शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही चौघी, मेहरून, सुनंदा, फिलोमिना आणि मी, नळापाशी बसायचो आणि मेहरूनची वेणी घालायची पाळी कुणाची, यावरून भांडायचो. एवढे दाट केस... एका मुठीत मावायचे नाहीत. सुट्टी संपली की सिस्टर दारात उभ्या, पांढऱ्या रिबनी नीट बांधल्यात का बघायला. फिलोमिनाची गाठ नेहमी वाकडी, आणि बोलणी मात्र मेहरूनला.

परवा आम्ही तिच्या वेण्या पुन्हा घातल्या. तिची केमो सुरू होणार होती आणि केस जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिनंच सगळ्यांना बोलावलं. सुनंदा चंदगडहून एसटीनं आली, मी शाहूपुरीतून नव्या पांढऱ्या रिबनी घेऊन गेले.

लग्नानंतर मेहरून घरच्यांखेरीज कुणासमोर उघड्या डोक्यानं आलेली नाही... आम्ही तिघी सोडून. त्या दुपारी खोलीचं दार लावून तिनं ओढणी बाजूला ठेवली आणि म्हणाली, काढ फोटो. पिकलेल्या केसांच्या दोन वेण्या, त्यांना रिबनी, आणि आम्ही हसून हसून लोळतोय.

निघताना तिनं माझा हात धरला. "मला कागदावर काढून दे. पण फोटो कुणा परक्याच्या हातात गेला तर बघ, वेणीच कापीन तुझी." मग माझ्या बॉबकटकडे बघून म्हणाली, "व्हय की, तुझी आधीच गेली हाय."

म्हणजे स्टुडिओ बाद. घरी प्रिंटर आहे, म्हटलं आपणच काढू. पण केबल लावून फोटो कॉम्प्युटरवर घेतले, तर ते उघडेचनात... मुलानं दिलेला आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये ठेवतो आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरला कळतं फक्त जेपीजी.

शोधल्यावर एक वेबसाइट सापडली. फोटो अपलोड करा, आम्ही बदलून देतो. मी फोटो निवडलाही, आणि बटणापाशी थांबले... अपलोड म्हणजे तो कुणाच्या तरी मशीनवर जाणार. मेहरूनचे केस, कुठल्या कोण माणसाकडे. पानच बंद करून टाकलं.

सुनेला पुण्याला फोन लावला. ती म्हणाली, काही साइट्स सगळं काम आपल्याच ब्राउझरमध्ये करतात, फोटो कॉम्प्युटरच्या बाहेर पडतच नाही. लिंकही पाठवली. मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात. त्यावर तिनं शांतपणे सांगितलं, "आई, पान पूर्ण उघडलं की वायफाय बंद करा, आणि मग फोटो टाका. नेटच नसेल तर जाईल कुठं?"

उठले आणि राउटर बंद केला. आतल्या खोलीतून आमचे हे ओरडले, ऐन ओव्हरमध्ये मॅच अडकली होती. जरा थांबा म्हटलं... आणि फोटो त्या चौकटीत ओढून सोडला. एक निळी रेघ सरकत गेली, आणि जेपीजी तयार. मग दुसरा, मग तिसरा... सगळे. ब्राउझरनं सारं काम घरातच केलं, आमच्यासारखं दार लावून.

खरं सांगते, डोळे भरून आले. ज्यानं कुणी हे बनवलंय, त्याला मेहरून ठाऊक असायचं कारण नाही. तरी कुठंतरी बसून त्याच्या मनात आलं असेल, की काही फोटो मदत करणाऱ्यानंसुद्धा बघायचे नसतात. मदत करावी आणि आत डोकावू नये... ही रीत माणसांनाही क्वचित जमते.

काल प्रिंट्स तिच्या हातात दिल्या. तिनं एवढंच विचारलं, "कुणी बघितलं न्हाय न्हवं?" म्हटलं, आमच्या वायफायनंसुद्धा नाही. मग तिनं फोटो मांडीवर घेतले, आणि एका फोटोवरून, वेणीवरून, बोट फिरवलं...

तिला विचारूनच हे लिहितेय. फोटो इथं दिसणार नाहीत, कुणी मागूही नका.

तर मैत्रिणींनो... सुनंदा, दोन्ही वेण्यांचा पाठमोरा फोटो तुझा. चंदगडचे काजू घेऊन येशील तेव्हा हातात देईन, पार्सलनं पाठवणार नाही. फिलोमिना, वाकड्या गाठीचा तुझा, तो आणखी कुणाचा असणार. चौघी हसतोय तो, टायमर लावून काढलेला, मेहरूनच्या कपाटात, सगळे फोटो भरलेल्या पेनड्राइव्हसकट. माझ्या फोनमध्ये की कॉम्प्युटरवर आता काही ठेवलेलं नाही.

रिबनी मात्र कुणाला मिळणार नाहीत. धुऊन, इस्त्री करून माझ्याकडे ठेवल्यात... केस परत आले की लागतील.